खाडीकाठच्या चिखलातला कार्बन: हेक्टरी किती, मोजायचा कसा आणि क्रेडिट कशाचं मिळतं

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात सुमारे ४० हेक्टर कांदळवन आहे. त्याला लागून बांध फुटून पडीक झालेलं १२ हेक्टर खाजण (बांध घालून खाडीपासून राखलेली भातजमीन) आहे, आणि खाडीच्या मुखाजवळच्या चिखलावर मोठ्या ओहोटीला समुद्री गवताचे हिरवे पट्टे उघडे पडतात. एका सल्लागार कंपनीने ग्रामपंचायतीला ‘हेक्टरी हजार टन’ असा आकडा सांगून करारावर सही मागितली आहे. हा आकडा खरा धरायचा का, गावाला स्वतः मोजता येईल का आणि कार्बन क्रेडिट (रोखलेल्या किंवा साठवलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे विकता येणारं प्रमाणपत्र) नेमकं कशाचं मिळतं?

सही करण्याआधी त्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. हजार टन कशाचे, कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे? किती खोलीपर्यंतच्या चिखलातले? आणि हा आजवरचा साठा आहे की दरवर्षी पडणारी भर? एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड (४४ भागिले १२). त्यामुळे एकाच वनाबद्दल दोन जण जवळजवळ चौपट फरकाने बोलू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. साठा आणि वार्षिक भर यांची गल्लत झाली तर फरक शेकडो पटींचा होतो.

हजाराचा आकडा बहुधा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. हिंद-प्रशांत प्रदेशातली २५ कांदळवनं त्यात मोजली होती आणि सरासरी निघाली हेक्टरी १,०२३ टन कार्बन. त्यातल्या काही वनांखाली तीन मीटरहून खोल, सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती आहे. कोकणातल्या खाड्यांची घडण वेगळी. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या पावसाळ्यात बेसाल्टची आणि जांभ्याची माती आणून टाकतात. चिखल जड आणि खनिजी असतो, आणि कित्येक ठिकाणी मीटरभर खोल जायच्या आतच मुरूम, जांभा किंवा शिंपल्यांचा थर लागतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय मंडळाच्या) २०१३ च्या पाणथळ जमिनींवरच्या पुरवणीत खनिजी मातीवरच्या कांदळवनासाठी पहिल्या एक मीटरला हेक्टरी २८६ टन कार्बन हा सरसकट आकडा दिला आहे, तर सेंद्रिय मातीसाठी ४७१ टन. म्हणजे जागतिक सरासरी घ्यायची झाली तरी तुमच्या खाडीसाठी हजार हा प्रारंभबिंदू होत नाही.

चिखलाचा हिशोब सोपा आहे, तो प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावा. कोरड्या मातीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) गुणिले खोली (सेंटीमीटर) गुणिले सेंद्रिय कार्बनची टक्केवारी, की थेट हेक्टरी टन कार्बन मिळतो. घनता ०.८, खोली १०० आणि कार्बन २ टक्के धरला तर ०.८ × १०० × २ = १६० टन. हे उदाहरण आहे, तुमच्या गावचं मोजमाप नव्हे. पण खनिजी चिखलात आकडा कुठल्या पट्ट्यात येतो याचा त्यावरून अंदाज येतो. त्यात झाडांचे हेक्टरी साठएक टन धरले तर २२० टन कार्बनच्या आसपास, म्हणजे सुमारे ८०० टन कार्बन डायऑक्साइड. कंपनीचे हजार टन कार्बन डायऑक्साइडचे असतील तर ते फार लांब नाहीत. कार्बनचे असतील तर साडेचारपट फुगवलेले आहेत. म्हणूनच पहिला प्रश्न एककाचा.

आता मोजणी. गावाला ती बरीचशी करता येते, प्रयोगशाळेचं काम सोडून.

सुरुवात नकाशापासून करा, कारण ४० हेक्टर कांदळवन एकजिनसी नसतं. पाण्याच्या कडेला पांढरी चिप्पी आणि उंच तिवर, ओहळांच्या काठाने कांदळ, मागे जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथे खुरटं, झुडपी तिवर, आणि अधेमधे मिठाने पांढरे पडलेले उघडे तुकडे. उपग्रह चित्रावर हे पट्टे आखा, मग चालून खात्री करा. प्रत्येक पट्ट्याची सरासरी वेगळी काढायची आणि शेवटी क्षेत्रफळाच्या प्रमाणात एकत्र करायची. होडीतून उतरायला सोयीच्या कडेवरच सगळे नमुने घेतले की उंच झाडांचा पट्टा ४० हेक्टरभर पसरतो आणि आकडा फुगतो. कितीतरी अहवालांत चूक इथूनच सुरू होते. नमुन्यांच्या जागा घरी बसून, नकाशावर, चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि चिखल कितीही खोल असला तरी त्याच जागी जा.

नमुने किती घ्यायचे? एका पट्ट्यात आकड्यांचा फरक सरासरीच्या ३० टक्के असेल आणि उत्तर ९५ टक्के खात्रीने १५ टक्क्यांच्या आत हवं असेल, तर साधारण १६ जागा लागतात. १० टक्क्यांच्या आत हवं असेल तर ३६. आधी पाच-सहा जागा घेऊन फरक किती येतो ते पाहावं आणि मग पूर्ण संख्या ठरवावी. पैसे मर्यादित असतील तर मोठ्या आणि जास्त साठ्याच्या पट्ट्यात जागा वाढवा, उघड्या मिठाच्या तुकड्यात कमी ठेवा.

प्रत्येक जागी ७ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, म्हणजे १५४ चौरस मीटर. त्यातल्या प्रत्येक खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर टेपने मोजायचा आणि ३.१४ ने भागून व्यास काढायचा. कांदळाला आधारमुळं असतात, तिथे सर्वांत वरच्या मुळाच्या ३० सेंटीमीटर वर मोजा. तिवराला बुंध्यापासून चार-पाच फांद्या फुटलेल्या असतात. त्या १.३ मीटरच्या खाली फुटल्या असतील तर प्रत्येक खोड स्वतंत्र धरा, सगळ्यांचा मिळून एक घेर घेऊ नका. रोपं आणि कोवळी झाडं (उंची १.३ मीटरहून कमी) आतल्या २ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात मोजली तरी चालतात.

व्यासावरून वजन काढायला कांदळवनांसाठी सर्वमान्य झालेलं सूत्र असं: जमिनीवरचं कोरडं वजन किलोग्रॅममध्ये = ०.२५१ × लाकडाची घनता × व्यासाचा २.४६ वा घात. मुळांसाठी ०.१९९ × घनतेचा ०.८९९ वा घात × व्यासाचा २.२२ वा घात. तिवराची घनता ०.६५ धरली तर १० सेंटीमीटर व्यासाच्या एका खोडाचं वरचं वजन ४७ किलो आणि मुळांचं २२ किलो येतं. वरच्या भागात ४५ टक्के आणि मुळांत ३९ टक्के कार्बन धरून एका खोडात ३० किलो कार्बन. वर्तुळात अशी ३० खोडं असली तर हेक्टरी ५८ टन. इथे लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे घात २.४६ आहे: व्यास १० ऐवजी ११ सेंटीमीटर वाचला तर वजन २६ टक्क्यांनी वाढतं. टेप तिरका धरला, साल सुटलेली होती, कालवं चिकटलेली होती, तरी एवढा फरक पडतो. खुरट्या झुडपी तिवरावर मात्र हे सूत्र लावू नये. ते सरळ खोडाच्या झाडांसाठी आहे. झुडपांसाठी काही झुडपं परवानगीने तोडून, वाळवून, त्यांच्या विस्तारावरून स्थानिक सूत्र बांधावं लागतं. तेवढी तयारी नसेल तर त्या पट्ट्यातला झाडांचा कार्बन शून्य धरा आणि तसं लिहा. चुकीच्या सूत्रापेक्षा हे बरं, कारण तिथला बहुतेक साठा चिखलातच असतो.

चिखलाकडे जास्त वेळ द्या. पाइपने नमुना घेत असाल तर आतून ५ सेंटीमीटर व्यासाचा, दीड मीटर लांबीचा जाड पीव्हीसी पाइप चालतो. खालची कड बाहेरून घासून धारदार करा. आतून घासली तर पाइपमध्ये शिरणारा चिखल दाबला जातो. पाइप सावकाश, फिरवत आत घाला. लाकडी हातोड्याचे घाव घातले की चिखल खाली दाबत जातो. पूर्ण आत गेल्यावर दोन मापं घ्या: पाइपच्या तोंडापासून बाहेरच्या जमिनीपर्यंत आणि तोंडापासून आतल्या चिखलाच्या पृष्ठापर्यंत. दोन्हींत फरक असला तर चिखल दबला आहे. समजा पाइप १०० सेंटीमीटर आत गेला आणि आतला चिखल ८२ सेंटीमीटरच भरला. मग त्यातला ५ सेंटीमीटरचा काप प्रत्यक्षात ६.१ सेंटीमीटर जमिनीचा आहे आणि घनता त्या हिशोबाने दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती न करता १०० सेंटीमीटरला गुणलं तर कार्बन सुमारे २२ टक्के जास्त दिसतो. दाब २० टक्क्यांच्या वर गेला तर तो नमुना टाकून शेजारी दुसरा घ्या. अर्ध्या नळीसारखा उघडा ऑगर (माती काढायचं गिरमिट) मिळाला तर तोच वापरा, त्यात दाब फार कमी येतो. पाइप बाहेर काढताना वरचं तोंड घट्ट टोपणाने बंद करा, नाहीतर खालचा चिखल सुटून खाडीतच राहतो आणि सगळ्यात खोल थर हरवतो.

कितीपर्यंत खोल जायचं? एक मीटर, किंवा कठीण थर लागेपर्यंत. त्याच वर्तुळात तीन ठिकाणी लोखंडी सळई खुपसून खोली तपासा. ६० सेंटीमीटरला मुरूम लागला तर हिशोब ६० चाच. तिथे सवयीने १०० लिहिलं की आकडा दोन-तृतीयांशाने वाढतो. कोकणातल्या अरुंद खाड्यांत ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत कठीण थराची खोली लिहिलेली आहे का, हे कंपनीच्या अहवालात आधी पाहा.

नमुना ०–१५, १५–३०, ३०–५० आणि ५०–१०० सेंटीमीटर असा विभागा आणि प्रत्येक थराच्या मध्यातून ५ सेंटीमीटरचा काप घ्या. ५ सेंटीमीटर व्यासाच्या पाइपमधला असा काप ९८ घन सेंटीमीटरचा होतो. वाळल्यावर तो ७८.५ ग्रॅम भरला तर घनता ०.८. दोन मिलिमीटरहून जाड जिवंत मुळं वेगळी काढा, कारण ती झाडांच्या सूत्रात आधीच मोजली आहेत. मेलेली, काळी पडलेली मुळं मात्र चिखलाचाच भाग, ती ठेवा. पिशवीवर खाडी, पट्टा, जागा, थर आणि तारीख लिहा, नमुने बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये जातील असं पाहा. बंद पिशवीत उन्हात राहिलेल्या चिखलातले जीवाणू कार्बन खात राहतात. ओव्हन ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. १०५ अंशांवर वाळवल्यास काही सेंद्रिय द्रव्य उडून जातं.

एक बारकावा मिठाचा. वाळलेल्या चिखलात खाडीच्या पाण्याचं मीठ राहतं, त्याने वजन वाढतं आणि घनता थोडी जास्त येते. पण त्याच मिठामुळे कार्बनची टक्केवारी तितकीच कमी येते, आणि गुणाकारात दोन्ही एकमेकांना काटतात. गडबड तेव्हा होते जेव्हा घनता न धुतलेल्या मातीची आणि कार्बन धुतलेल्या मातीचा घेतात. दोन्हींसाठी माती एकाच पद्धतीने तयार केलेली हवी.

प्रयोगशाळेत काय होतं त्यावर लक्ष ठेवा. जिल्ह्यातल्या माती परीक्षणाच्या सोयी शेतीसाठी उभ्या राहिल्या आहेत आणि तिथे सेंद्रिय कार्बन बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीने (डायक्रोमेट या रसायनाने कार्बन जाळून) काढतात. भातशेतीच्या मातीला ती ठीक, खाडीच्या चिखलाला अडचणीची. चिखलातलं क्लोराइड, सल्फाइड आणि फेरस लोह हे सगळे डायक्रोमेट खातात आणि उत्तर खऱ्याहून जास्त येतं. क्लोराइडसाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालून दुरुस्ती होते, सल्फाइड आणि लोहासाठी नमुना नीट वाळवून हवेत ऑक्सिडाइझ होऊ द्यावा लागतो. उलट बाजूने, ही पद्धत सगळा कार्बन जाळत नाही म्हणून १.३३ चा ठरावीक गुणक लावतात, आणि तो गुणक तुमच्या चिखलाला लागू पडेलच असं नाही.

दुसरी सोय म्हणजे भट्टीत ४५० अंशांवर चार ते आठ तास जाळून घटलेलं वजन मोजणं. स्वस्त आणि भरवशाची पद्धत, पण बेसाल्टपासून बनलेल्या चिकणमातीत खनिजात अडकलेलं पाणीही जळताना उडतं आणि ते सेंद्रिय द्रव्य म्हणून मोजलं जातं. तापमान ५५० च्या वर नेलं की शिंपल्यांमधलं कार्बोनेटही फुटू लागतं. त्यामुळे बाहेरच्या देशातल्या चिखलावर बांधलेलं ‘घट गुणिले अमुक’ हे सूत्र इथे जसंच्या तसं लावता येत नाही. चांगला मार्ग असा: सगळे नमुने भट्टीत जाळा, त्यातले पंधरा-वीस नमुने (प्रत्येक पट्टा आणि थर त्यात यावा) मूलद्रव्य विश्लेषकावर (कार्बनचं प्रमाण थेट मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या आणि त्या दोघांचं नातं तुमच्या खाडीपुरतं काढा. विश्लेषकाकडे जाण्याआधी कार्बोनेट काढलेलं असायला हवं. मालवण-देवगडकडच्या शिंपल्यांच्या रेतीत, किंवा जिथे कालवं आणि तिसऱ्या भरपूर आहेत तिथे, हे विसरलं तर शिंपल्यांचा कार्बन चिखलाच्या नावावर जमा होतो. चिमूटभर माती बशीत घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फेस आला तर प्रयोगशाळेला आम्लप्रक्रिया करायला स्पष्ट सांगा.

इथवर झाला साठ्याचा हिशोब. क्रेडिट मात्र साठ्याचं मिळत नाही, बदलाचं मिळतं, आणि सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. उभं कांदळवन शेकडो वर्षं कार्बन धरून बसलेलं असतं, पण प्रकल्प असो वा नसो तो तिथे राहणारच असेल तर प्रकल्पाने काही वाढवलं असं म्हणता येत नाही. आणि महाराष्ट्रात ते राहायलाच हवं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडीवर बंदी घातली, १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवनाला संरक्षण कायम केलं. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेतही कांदळवनं सर्वांत कडक वर्गात आहेत. कायद्याने आधीच बंद असलेली तोड ‘आम्ही थांबवली’ असं दाखवून क्रेडिट मागणं लेखापरीक्षणात टिकत नाही, जोवर कायदा त्या भागात सर्रास मोडला जातो हे पुराव्याने सिद्ध होत नाही. तुमच्या ४० हेक्टरची मोजणी जरूर करा, ती वनविभागाला, आराखड्याला, पुढे कधी रस्ता किंवा जेट्टी आली तर नुकसानीचा हिशोब मांडायला लागेल. क्रेडिटच्या रकान्यात मात्र ते ४० हेक्टर शून्य धरून चाला.

नव्याने साठणाऱ्या कार्बनचा वेगही कमी असतो. चिखलाची पातळी वर्षाला ३ मिलिमीटर चढते असं धरलं तर ०.३ × ०.८ × २ = ०.४८ टन कार्बन, म्हणजे हेक्टरी १.७६ टन कार्बन डायऑक्साइड. ४० हेक्टरला वर्षाकाठी सत्तरच्या आसपास. चिखलात असलेल्या साठ्याच्या तुलनेत हे वर्षाला ०.३ टक्के झालं. उलट खाडीकाठचा एक हेक्टर बांध घालून वाळवला, किंवा वाळू उपशामुळे पात्र खोल होऊन काठ ढासळला, की शतकांत जमलेलं काही वर्षांत निसटतं. वाळवलेल्या कांदळवनाच्या मातीसाठी आयपीसीसीचा सरसकट आकडा वर्षाला हेक्टरी ७.९ टन कार्बन आहे, म्हणजे २९ टन कार्बन डायऑक्साइड. कोकणातल्या कमी कार्बनच्या चिखलाला तो जास्तच असावा, तरी कमावण्याच्या आणि गमावण्याच्या वेगातला फरक त्यावरून कळतो. गावात कार्बनसाठी एकच गोष्ट करायची असेल तर अवैध वाळू उपसा आणि भराव थांबवा.

चढणाऱ्या पातळीचा वेग मोजायचा असेल तर फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड अर्धा मीटर चौकोनात सेंटीमीटरभर जाडीने पसरतात आणि वर्षा-दोन वर्षांनी छोटा काप घेऊन तिच्यावर किती चिखल बसला ते पाहतात. ही पूड ऑक्टोबरनंतर पसरा. पावसाळ्याच्या तोंडावर टाकली तर पहिल्या पुरात निघून जाते. खेकड्यांची बिळं जिथे दाट आहेत तिथे थर ढवळला जातो, म्हणून एका पट्ट्यात किमान चार चौकोन ठेवा. दीर्घकाळाच्या वेगासाठी शिसे-२१० पद्धतीने कालमापन करतात. त्याचा अर्धायुष्यकाल २२ वर्षांचा असल्याने मागच्या शंभरेक वर्षांचा हिशोब लागतो, पण त्यासाठी खास प्रयोगशाळा आणि न ढवळलेला नमुना हवा.

खाजणाकडे वळू. क्रेडिटची शक्यता असलीच तर ती या १२ हेक्टरांत आहे, आणि तीही अटींवर. बांधाला खांड पडल्यावर भरतीचं पाणी मोकळं आत-बाहेर होऊन तिवर आपोआप उगवली असेल, तर ते निसर्गाचं काम झालं, प्रकल्पाचं नव्हे. ज्या भागात अजून पाणी अडलेलं आहे, जुनी उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) गाळाने चोंदली आहे, रस्त्याची मोरी अरुंद आहे, चिखल उन्हाळ्यात भेगाळतो किंवा पावसाचं पाणी महिनोन्‌महिने तुंबून राहतं, तोच भाग प्रकल्पात घेता येतो. म्हणून आजची स्थिती, काही बदललं नाही तर पुढची वीस वर्षं काय होईल हे, काम सुरू करण्याआधी लिहून, फोटो आणि पातळ्यांसह नोंदवावं लागतं. काम आधी आणि नोंद नंतर झाली की दावा बाद.

पातळी हा सगळ्यात निर्णायक मुद्दा. तिवर आणि कांदळ समुद्राच्या मध्यम पातळीच्या वर, उधाणाच्या रेषेच्या खाली वाढतात. रोज एक-तृतीयांशाहून जास्त वेळ पाण्याखाली राहणाऱ्या जागी ती टिकत नाहीत. खाजण पिढ्यान्‌पिढ्या बांधाआड कोरडं राहिल्याने त्याचा तळ बाहेरच्या चिखलाहून खाली बसलेला असतो: आतल्या सेंद्रिय द्रव्याचं विघटन झालेलं असतं आणि गाळ येणं बंद झालेलं असतं. अशा जागी बांध एकदम मोठा फोडला तर कांदळवन येत नाही, खारं तळं तयार होतं. आधी लेव्हल यंत्राने तळाच्या पातळ्या घ्या, त्या भरतीच्या कोष्टकाशी जुळवा, मग खांड कुठे आणि किती रुंद ते ठरवा. खांडीचा तळ आतल्या ओहळाच्या तळाएवढा खोल हवा, म्हणजे ओहोटीला पाणी पूर्ण उतरेल. अर्धवट उतरणाऱ्या पाण्यात तिवराची श्वसनमुळं बुडून राहतात आणि उभी झाडं वाळतात. पाणी नीट खेळू लागलं की शेजारच्या वनातून बिया स्वतः येतात. लागवड शेवटचा उपाय. घाईने कांदळाच्या शेंगा ओळीत खोचून फोटो काढले जातात आणि दोन उधाणांत त्या आडव्या होतात, कारण जागेची पातळी कुणी तपासलेली नसते.

मिथेनचा हिशोब न मांडता कुणी खाजणाचं क्रेडिट सांगत असेल तर थांबा. पाण्याची क्षारता दर हजारी १८ च्या वर असेल तर चिखलातून मिथेन नगण्य निघतो. त्याखाली गेली तर पुन्हा पाण्याखाली आणलेल्या जमिनीसाठी आयपीसीसी वर्षाला हेक्टरी १९३.७ किलो मिथेन धरते. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, म्हणून २८ ने गुणलं तर ५.४ टन कार्बन डायऑक्साइडइतकं. वरच्या उदाहरणात गाळातून मिळणाऱ्या १.७६ टनांच्या तिप्पट. कोकणातल्या खाड्यांच्या वरच्या टोकाला जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ गोडं होतं आणि मेमध्ये समुद्राइतकं खारं. एकाच मेमधल्या मोजणीवर ‘क्षारता ३३’ लिहिणारा अहवाल अर्धवट आहे. क्षारतामापक रिफ्रॅक्टोमीटर स्वस्त मिळतो. बारा महिने, महिन्यातून दोनदा, उधाणाला आणि भांगाला (लहान भरतीला), चिखलातल्या पाण्याची नोंद ठेवा. गावातल्या शाळेलाही हे काम जमतं.

कार्बन क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या व्हीएम००३३ या भरतीच्या पाणथळ जमिनी आणि समुद्री गवत यांच्या पुनर्स्थापनेच्या पद्धतीत बाहेरून वाहून आलेला कार्बन वजा करावा लागतो. नदीने डोंगरातून आणलेली माती खाजणात बसली, तरी तिच्यातला कार्बन प्रकल्पाने हवेतून घेतलेला नसतो. हा भाग वेगळा करणं कठीण आहे. कार्बनच्या समस्थानिकांवरून समुद्री शेवाळ आणि कांदळ यांतला फरक कळतो, पण डोंगरावरची झाडं, भात आणि कांदळ यांची खूण जवळजवळ एकसारखीच येते. म्हणून पावसाळी नद्यांच्या खाडीत ही वजावट मोठी धरावी लागते, आणि हेक्टरी आकडा आणखी खाली येतो.

एवढं सगळं मांडल्यावर १२ हेक्टरांतून वर्षाला कशीबशी शे-पाउणशे टन निघाली तर प्रकल्पाची नोंदणी, पडताळणी आणि लेखापरीक्षण यांचा खर्चही सुटणार नाही. केनियातल्या गाझी उपसागरातला ‘मिकोको पामोजा’ हा गावकऱ्यांचा प्रकल्प लहान गणला जातो आणि तो ११७ हेक्टरांवर वर्षाला सुमारे ३,००० टन कार्बन डायऑक्साइडचा आहे. एकट्या गावाने करार करण्यापेक्षा त्याच खाडीवरच्या सात-आठ गावांची पडीक खाजणं एकत्र आणून एक प्रकल्प बांधणं हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. खाजणं सातबाऱ्यावर शेतकऱ्यांच्या नावावर असतात, एकेका गटात वीस-वीस हिस्सेदार, काही मुंबईत. सगळ्यांची संमती मिळवायला मोजणीपेक्षा जास्त वेळ लागतो. ज्याला बांध दुरुस्त करून पुन्हा भात लावायचा आहे, पनवेल जातीचं क्षारसहिष्णू बियाणं घ्यायचं आहे, त्याच्यावर प्रकल्प लादू नये. तिवर उगवून आलेल्या जमिनीत मात्र त्याला कायद्याने तोड करता येत नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावं.

समुद्री गवताबद्दल थोडक्यात. भारतात त्याची मोठी कुरणं पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान इथे आहेत. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलावर दिसतं ते बहुधा हॅलोफिला बेकारी, बोटाच्या पेराहूनही लहान पानांचं, संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं. त्याच्या पानांतला कार्बन नगण्य. पावसाळ्यातल्या गोड्या, गढूळ पाण्यात बरेचसे पट्टे नाहीसे होतात आणि नंतर पुन्हा उगवतात, कधी जागा बदलून. त्यामुळे हिवाळ्यातल्या एका नकाशावरून ‘इतके हेक्टर गवत’ असा दावा करू नये. ऑक्टोबर ते मे दर महिन्याला अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, म्हणजे पहाटे किंवा संध्याकाळी, अर्धा मीटरच्या चौकटीने किती टक्के जागा झाकली आहे ते नोंदवा, कडा जीपीएसवर फिरून घ्या. चिखलाचे नमुने गवताखालचे आणि शेजारच्या उघड्या चिखलातले असे जोडीने घ्या. दोन्हींत फरक नसेल तर तो कार्बन गवतामुळे साठलाय असं म्हणता येत नाही. आणि या चिखलावर कांदळाची रोपं लावायचा कार्यक्रम कुणी आणला तर नकार द्या. ती जागा बहुधा कांदळासाठी फार खोल असते, रोपं मरतात आणि गवत, तिसऱ्या, पाणपक्ष्यांचं खाद्य यांचं नुकसान मात्र होतं.

नमुने घेण्याआधी परवानगी लागते. शासकीय जमिनीवरची बरीच कांदळवनं वन म्हणून अधिसूचित झाली आहेत, आणि २०१२ पासून राज्यात त्यांच्यासाठी वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. अर्जात जागांचे अक्षांश-रेखांश, नमुन्यांची संख्या आणि झाडं तोडणार की नाही हे लिहा. मैदानी कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

करार झालाच तर त्यात या बाबी शब्दशः असाव्यात: सगळे मूळ आकडे, पाइपची दोन्ही मापं, कठीण थराची खोली आणि प्रयोगशाळेची पद्धत यांची प्रत ग्रामपंचायतीकडे राहील, उरलेल्या वाळवलेल्या मातीचा निम्मा भाग गावाकडे सीलबंद राहील, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी करता येईल, क्रेडिट न निघाल्यास सर्वेक्षणाचा खर्च गावाकडून वसूल होणार नाही, आणि वादळ किंवा काठ ढासळल्याने साठा कमी झाला तर भरपाई प्रकल्पाच्या राखीव क्रेडिटच्या साठ्यातून होईल, खाजणाच्या मालकांकडून नाही.